डिस्चार्जनंतरचं 'इन्सुलिन रेझिस्टन्स पॅकेज': हार्टच्या पेशंटसाठी कितपत कामाचं?

हार्ट फेल्युअरमधून (हृदयाचा पंप कमजोर पडण्याच्या आजारातून) नुकतंच घरी आलेल्या पेशंटसाठी हे पॅकेज घेऊ नये. निदान पहिले सहा आठवडे तरी नाही. यातून निघणारा जो एक आकडा थोडाफार उपयोगी आहे (टीवायजी, पुढे येईल) तो हाताशी असलेल्या साध्या रिपोर्टवरून फुकट काढता येतो, आणि त्या दिवसांत ज्या तपासण्या खरोखर लागतात त्यांतल्या बहुतेक या पॅकेजात नाहीतच. पैसे वाया जातात तेवढ्यानं भागलं असतं तर लिहिण्याची गरज नव्हती. रिपोर्ट हातात आल्यानंतर काही घरांत जे केलं जातं त्यानं पेशंट परत ॲडमिट होऊ शकतो, म्हणून एवढा विस्तार.

आधी सेवा काय आहे ते. खासगी पॅथॉलॉजी लॅब, नागपूर शहरात ठिकठिकाणी कलेक्शन सेंटर, घरी येऊन सॅम्पल. पॅकेजात उपाशीपोटी साखर, उपाशीपोटी इन्सुलिन, त्यावरून काढलेला होमा-आयआर (इन्सुलिन रेझिस्टन्सचा आकडा), एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन (किडनीसाठी), युरिक ॲसिड आणि एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी). रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पीडीएफमध्ये, लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांसह. सोबत आहारतज्ज्ञाचा एक मोफत फोन. लॅबचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. याच धर्तीची पॅकेजेस इतरही लॅब विकतात, आणि पुढचं बरंचसं त्या सगळ्यांना लागू पडतं.

जाहिरातीत म्हटलेलं असतं की इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ती अवस्था) असलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटला पुन्हा ॲडमिट व्हायचा धोका जास्त. हे खोटं नाही. स्थिर हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये इन्सुलिनची संवेदनशीलता जितकी कमी तितका मृत्यूचा धोका जास्त, हे २००५ सालीच दाखवलं गेलं आहे. नंतरच्या वर्षांत, विशेषतः चीनमधून, टीवायजी इंडेक्स (उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी यांवरून काढलेला रेझिस्टन्सचा अंदाज) आणि पुन्हा ॲडमिट होणं यांचा संबंध सांगणारे बरेच अभ्यास आले. कारणही समजण्यासारखं आहे. इन्सुलिनला दाद न देणारा हृदयाचा स्नायू साखर कमी आणि चरबी जास्त जाळतो, आणि तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये चरबीपासून ऊर्जा थोडी कमी मिळते. रक्तात वाढलेलं इन्सुलिन किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं, मिठामागून पाणी येतं, आणि आधीच थकलेल्या पंपावर भार वाढतो. उलट दिशेनंही हेच घडतं. हार्ट फेल्युअरमध्ये यकृतात रक्त तुंबलं की ते इन्सुलिन नीट साफ करत नाही, ॲड्रिनलिनसारखी ताणाची संप्रेरकं वाढलेली असतात, पेशंट हालचाल करत नाही. त्यातून रेझिस्टन्स आणखी वाढतो.

म्हणजे आकडा वाढलेला दिसला तर तो आजाराचं कारण असेल, आजाराचा परिणाम असेल, किंवा दोन्ही. हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. सगळ्यांचा सूरही एक नाही. काहींत धोका सरळ चढत जातो, काहींत फार कमी आकडाही वाईट ठरतो. आणि टीवायजी किंवा होमा-आयआर खाली आणण्याचं लक्ष्य ठेवून उपचार केले म्हणून पेशंट कमी वेळा ॲडमिट झाले, असं कुठल्याही चाचणीनं सिद्ध केलेलं नाही. युरोपच्या २०२१ च्या आणि अमेरिकेच्या २०२२ च्या हार्ट फेल्युअर मार्गदर्शिकांत हे इंडेक्स नेहमीच्या तपासण्यांच्या यादीत नाहीत, ते याचमुळे.

आता आकड्यांकडे. होमा-आयआर म्हणजे उपाशीपोटी साखर गुणिले उपाशीपोटी इन्सुलिन, भागिले ४०५ (साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर). १९८५ चं सूत्र आहे. साखर ११८ आणि इन्सुलिन १४ असेल तर उत्तर साधारण ४.१. बहुतेक रिपोर्टवर २.५ च्या वर लाल पट्टी येते. हा आकडा ज्यावर उभा आहे ते इन्सुलिन मोजणंच मुळात डळमळीत आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची किट वेगवेगळी उत्तरं देतात, त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. एकाच माणसाचं उपाशीपोटी इन्सुलिन दोन सकाळी वेगळं येतं. सॅम्पल फुटलं, म्हणजे लाल पेशी फुटून सीरम (रक्ताचा पाण्यासारखा भाग) गुलाबी झालं, की त्या पेशींतलं एन्झाइम इन्सुलिन तोडतं आणि आकडा खोटाच कमी येतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत, बायोटिनवर चालणारं किट असेल तर, तो पुन्हा खोटा कमी. पेशंट इन्सुलिनची इंजेक्शनं घेत असेल तर होमा-आयआर काढूच नये. त्यात बाहेरून टोचलेलं इन्सुलिन मिसळलेलं असतं. ग्लिमेपिराइडसारखी स्वादुपिंडाला ढोसणारी गोळी चालू असेल तरी आकड्यावर भरवसा नको. नागपुरात हार्ट फेल्युअरचे किती पेशंट यांपैकी काहीच घेत नाहीत, हे कुठल्याही हार्ट ओपीडीतल्या फायली चाळल्या तर कळेल.

पॅकेज विकणारा माणूस हे विचारत नाही. बुकिंगच्या फोनवर मधुमेह आहे का एवढं विचारतात. इन्सुलिन टोचता का, हे विचारत नाहीत. या सेवेची पहिली मोठी चूक ही.

टीवायजी त्या मानानं बरा, कारण त्यात इन्सुलिन मोजावंच लागत नाही. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड गुणिले उपाशीपोटी साखर, भागिले २, आणि आलेल्या संख्येचा नॅचरल लॉग. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की 'एलएन' असं बटण दिसतं, ते वापरायचं. शेजारचं 'लॉग' बटण दाबलं तर उत्तर चारच्या आसपास येईल आणि ते चुकीचं. उदाहरणार्थ ट्रायग्लिसराइड १६०, साखर ११८: गुणाकार १८,८८०, निम्मे ९,४४०, एलएन ९.१५. मोठ्या माणसांत हा आकडा सहसा ८ ते १० च्या दरम्यान असतो. कुठल्या आकड्यापुढे धोका धरायचा यावर अभ्यासांत एकमत नाही, ८.५ पासून ९ च्या पुढेपर्यंत वेगवेगळ्या रेषा ओढलेल्या आहेत. काही रिपोर्टवर आणि ॲपवर हाच इंडेक्स ४.८ वगैरे छापून येतो. तिथे कंसाची जागा बदललेली असते: आधी लॉग आणि मग भागिले २. ४.८ पाहून 'अरे वा, फारच कमी' असं वाटून घेऊ नये. ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल हा आणखी एक सोपा इंडेक्स आहे, ३ च्या वर असेल तर रेझिस्टन्सची शंका. मेट्स-आयआर नावाचा इंडेक्स मात्र हार्ट फेल्युअरमध्ये सोडूनच द्यावा, कारण त्यात बीएमआय घ्यावा लागतो आणि पाय सुजलेल्या पेशंटच्या बीएमआयमध्ये पाच-सात किलो पाणीही धरलेलं असू शकतं.

टीवायजीलाही औषधं हलवतात. स्टॅटिननं (कोलेस्टेरॉलच्या गोळीनं) ट्रायग्लिसराइड उतरतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन लघवीतून साखर बाहेर काढतात, म्हणून साखर उतरते. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल ट्रायग्लिसराइड थोडं वाढवू शकतात, कार्व्हेडिलोल सहसा नाही. थायझाइड जातीच्या पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या साखर वाढवू शकतात. स्टेरॉइडनं साखर वाढते हे तर सर्वांना माहीत आहे. डिस्चार्जच्या वेळी या यादीतल्या दोन-तीन गोळ्या नव्यानं सुरू झालेल्या असतात. त्यामुळे दहाव्या दिवशीच्या टीवायजीत गोळ्यांचा परिणाम किती आणि पेशंटच्या चयापचयाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. शिवाय जो पेशंट महिनाभर नीट जेवलेला नाही, ज्याचे दंड आणि मांड्या वाळल्यात, त्याचं ट्रायग्लिसराइड कमीच येणार. त्याचा टीवायजी हिरव्या पट्टीत दिसतो आणि तोच वॉर्डातला सगळ्यात धोक्यातला पेशंट असू शकतो.

सॅम्पल घेण्याच्या बाबतीत या सेवेला बरे गुण द्यावे लागतील, काही अटींसह. टेक्निशियन सकाळी सहा-सातच्या स्लॉटला येतात, नळ्यांवर पेशंटसमोर लेबल लावतात, सुई नवी उघडतात. क्रमही बहुतेक वेळा बरोबर असतो: आधी पिवळ्या झाकणाची जेल नळी, मग जांभळी, शेवटी राखाडी. हा क्रम उलटा झाला आणि जांभळ्या नळीतलं रसायन पिवळीत गेलं, तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. घरच्यांनी एवढं लक्ष ठेवायला हरकत नाही.

खरी अडचण नळी बॅगेत गेल्यानंतर सुरू होते. रक्त सीरम वेगळं न करता नुसतं ठेवलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात, ताशी साधारण ५ ते ७ टक्के, आणि गरमीत हा वेग वाढतो. राखाडी नळीतलं फ्लोराइड हे थांबवतं, पण त्यालाही पूर्ण लागू पडायला तास-दोन तास लागतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना टेक्निशियन मनीषनगरातून निघून खामला, प्रतापनगर, सदर असा फिरत दुचाकीवरून सेंटरला पोचेपर्यंत पहिल्या घरच्या सॅम्पलला तीन तास झालेले असू शकतात. वरच्या उदाहरणातली साखर ११८ ची ९८ झाली तर होमा-आयआर ४.१ वरून ३.४ वर येतो आणि टीवायजी ९.१५ वरून ८.९७ वर. लॉगमुळे टीवायजीतली चूक लहान दिसते, पण ९ ही रेषा धरणाऱ्या रिपोर्टवर रंग बदलायला तेवढी पुरते. आणि त्याहून वाईट गोष्ट ही की ११८ म्हणजे मधुमेहापूर्वीची पायरी, तर ९८ म्हणजे नॉर्मल. म्हणजे सगळ्यात साधी तपासणीच चुकली.

उपाय म्हणून काही जण नळी थेट बर्फात ठेवतात. साखरेसाठी ठीक, पण पोटॅशियमसाठी घातक. थंडीत पेशींचा पंप थांबतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम वाढवू शकणारी हार्टची गोळी) घेणाऱ्या पेशंटचं पोटॅशियम असं खोटं ५.८ आलं की चांगली गोळी विनाकारण बंद होते. बरोबर पद्धत: राखाडी नळी थंड बॅगेत, पिवळी नळी सावलीत साध्या तापमानाला, आणि तासा-दोन तासांत सेंट्रिफ्यूज. सीरम वेगळं झालं की मग ते थंड करायचं. इन्सुलिनची तपासणी शहरातल्या सेंटरवर न होता दुसऱ्या शहरातल्या मुख्य लॅबला जात असेल तर सीरम थंडच पोचलं पाहिजे. बुकिंगच्या वेळी हे विचारावं: कुठे लावणार, किती वाजता. एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) संकेतस्थळावर लॅबचा स्कोप, म्हणजे मान्यता असलेल्या तपासण्यांची यादी, पाहता येतो. इन्सुलिन त्या स्कोपमध्ये आहे का तेही पाहावं. रिपोर्टवर वर बोधचिन्ह आहे म्हणून खालची प्रत्येक तपासणी मान्यताप्राप्त आहे असं धरून चालू नये.

उपाशी राहण्याबद्दल दोन सूचना रिपोर्टपेक्षा महत्त्वाच्या. आठ ते बारा तास पुरे, चौदा-सोळा नको. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन सॅम्पल देऊन खाल्ल्यावरच घ्यायचं, उपाशीपोटी घेऊन टेक्निशियनची वाट पाहत बसायचं नाही. पाण्याची गोळी मात्र, डॉक्टरांनी वेगळं सांगितलेलं नसेल तर, नेहमीच्या वेळीच. टेक्निशियन साडेनऊला आला म्हणून फ्युरोसेमाइड दुपारी घेणं, मग रात्री झोपमोड नको म्हणून दुसरा डोस चुकवणं, हे दोन-तीन दिवस चाललं की पाय भरतात.

एचबीए१सीबद्दल विदर्भातल्या लॅबनं जास्त सावध असायला हवं. आपल्याकडे सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी खोटं कमी येतं. नुसता वाहक असेल तर ते तपासणीच्या पद्धतीवर अवलंबून. लोहाच्या कमतरतेत उलट, ते थोडं जास्त दिसू शकतं. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या) पद्धतीच्या आलेखात वेगळं हिमोग्लोबिन दिसलं तर लॅबनं ते रिपोर्टवर लिहायला हवं. या पॅकेजच्या पीडीएफमध्ये आलेख जोडलेलाच नसतो, फक्त आकडा आणि पट्टी. आलेख मागून घ्यावा. अशा पेशंटमध्ये घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी एचबीए१सीपेक्षा जास्त विश्वासाच्या.

एचएस-सीआरपी आणि युरिक ॲसिड या पॅकेजात केवळ यादी लांब दिसावी म्हणून आहेत. नुकताच ॲडमिट होऊन आलेल्या माणसाचं सीआरपी वाढलेलंच असतं आणि पाण्याच्या गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढतं. सांधा सुजलेला नसेल तर त्यासाठी गोळी लागत नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो मुद्दा. होमा-आयआर लाल पट्टीत आला की घरातला कोणीतरी, कधी ओळखीचा केमिस्ट, कधी हार्टची फाइल न पाहिलेला डॉक्टर, 'इन्सुलिन रेझिस्टन्सची गोळी' सुचवतो. ती बहुतेक वेळा पायोग्लिटाझोन असते. पायोग्लिटाझोन इन्सुलिन रेझिस्टन्स खरोखर कमी करते. होमा-आयआर सुधारतो, ट्रायग्लिसराइड उतरतं, टीवायजी खाली येतो. आणि ती किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावते. २००५ च्या प्रोॲक्टिव्ह चाचणीत ही गोळी घेणाऱ्यांपैकी ६ टक्के हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट झाले, न घेणाऱ्यांपैकी ४ टक्के. आणि त्या चाचणीत आधीपासून हार्ट फेल्युअर असलेले पेशंट घेतलेलेच नव्हते. अमेरिकेत २००७ पासून या गोळीच्या माहितीपत्रकावर हार्ट फेल्युअरचा चौकटीतला इशारा आहे. म्हणजे पुढच्या महिन्याच्या पॅकेजात सगळ्या पट्ट्या हिरव्या होतील आणि पेशंट दम लागून मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत असेल. ज्या आकड्याच्या सुधारण्याचा पेशंटच्या सुधारण्याशी असा संबंध तुटू शकतो, त्या आकड्याच्या मागे उपचार धावू देऊ नयेत.

आपल्याकडे ही गोळी एकटी क्वचित मिळते. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत तिघं असतात. नावात कुठे 'पी' अक्षर असतं, कुठे काहीच खूण नसते. घरातल्या साखरेच्या प्रत्येक पट्टीची मागची बाजू वाचावी. 'पायोग्लिटाझोन' हा शब्द दिसला तर त्याच दिवशी हार्टच्या डॉक्टरांना फोन, कारण बदली गोळी ठरवूनच ती थांबवायची असते. सॅक्साग्लिप्टिन ही साखरेची गोळीही टाळण्याच्या यादीत आहे. २०१३ च्या सेव्हर चाचणीत तिच्यामुळे हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं वाढलं होतं. मेटफॉर्मिन स्थिर पेशंटला चालतं, पण ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) ३० च्या खाली गेला किंवा पेशंट पुन्हा दमायला लागला तर थांबवतात.

उलट ज्या औषधानं हार्ट फेल्युअरमधलं पुन्हा ॲडमिट होणं खरोखर कमी होतं, त्यासाठी या पॅकेजची गरजच पडत नाही. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन मधुमेह असो वा नसो, दोन्हींत काम करतात. २०१९ च्या डापा-एचएफ चाचणीतल्या निम्म्याहून जास्त पेशंटना मधुमेह नव्हता. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून आपल्याकडे ती स्वस्त झाली, जनऔषधी केंद्रातही मिळते. होमा-आयआर १ असो की ६, ही गोळी द्यायची की नाही हा निर्णय बदलत नाही. ती घेताना लघवीच्या जागेची स्वच्छता, उलट्या-जुलाब झाले किंवा जेवण बंद झालं तर डॉक्टरांना विचारून तात्पुरती थांबवणं, ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करणं, एवढं सांभाळायचं.

मोफत आहार सल्ल्याला शून्य गुण. मागे लागून फोन करतात आणि सरसकट छापील तक्ता पाठवतात: दिवसाला तीन-चार लिटर पाणी, सकाळी नारळपाणी, संत्र्याचा रस, साध्या मिठाऐवजी 'लो सोडियम' मीठ. निरोगी माणसाला यातलं बरंच चालेल. स्पायरोनोलॅक्टोन आणि सोबत रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन घेणाऱ्या पेशंटला हा तक्ता धोक्याचा आहे, कारण या गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढू शकतं. लो सोडियम मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. संत्रं एखादं खाल्लं तर बहुतेकांना चालतं, पण चार-पाच संत्र्यांचा ग्लासभर रस रोज, आणि तोही किडनी कमकुवत असताना, नको. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं की स्पायरोनोलॅक्टोन निम्मी करतात, ६ च्या वर बंद. आणि पॅकेजात पोटॅशियमची तपासणीच नाही.

तक्त्यात पापड, लोणचं, सांडगे, कुरडया यांचा उल्लेखही नव्हता. सावजीचा रस्सा आणि तर्री पोहे तिखटासाठी बदनाम, पण हार्टच्या पेशंटचं नुकसान त्यातलं मीठ करतं. पित्तासाठीची फसफसणारी पावडर म्हणजेही सोडियमच. गुडघेदुखीसाठी मेडिकल स्टोअरमधून आणलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा इटोरिकॉक्सिब किडनीला मीठ धरायला लावते आणि पाण्याच्या गोळीचा जोर काढून घेते. आहार सल्ला द्यायचाच असेल तर हे चार प्रश्न आधी विचारायला हवे होते.

मग पैसे कुठे घालावेत? क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम: डिस्चार्जनंतर पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा चौथ्या आठवड्यात, गोळ्यांचा डोस बदलला तर मध्येही. नागपुरात हे काही शे रुपयांत होतं. एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची तपासणी) महाग आहे, साधारण दोन हजारांच्या आसपास किंवा वर, पण या एका तपासणीचं मोल सगळ्या पॅकेजपेक्षा जास्त. डिस्चार्जच्या वेळचा आकडा कार्डावर लिहून घ्यावा, म्हणजे आठवड्याभरानंतरच्या आकड्याला अर्थ येतो. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी वेगळ्या तपासण्या आहेत, आकडे एकमेकांशी जुळवू नयेत. सॅक्युबिट्रिलवर असलेल्या पेशंटचं बीएनपी गोळीमुळेच वाढतं, म्हणून तिथे एनटी-प्रोबीएनपीच. लठ्ठ माणसात दोन्ही आकडे अपेक्षेपेक्षा कमी येतात हेही लक्षात असावं. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (शरीरातलं लोह दाखवणाऱ्या तपासण्या) एकदा तरी करावं. फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ असून सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली, म्हणजे लोह कमी. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी. अशा पेशंटला शिरेतून लोह देण्याचा विचार होतो, तोंडानं घ्यायच्या गोळ्यांचा हार्ट फेल्युअरमध्ये फारसा उपयोग दिसलेला नाही.

आणि एक डिजिटल वजनकाटा. सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खाण्यापिण्याआधी, रोज सारख्याच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर फोन करायचा, पाय सुजण्याची वाट पाहायची नाही. उन्हाळ्यात उलटंही होतं. कूलरसमोर बसूनही घामानं पाणी जातं, वर पाण्याची गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन चालूच. वजन दोन-तीन किलो घटतं, उभं राहिल्यावर चक्कर येते, क्रिएटिनिन चढतं. त्या वेळी पाण्याच्या गोळीचा डोस कमी करावा लागतो, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. एप्रिल ते जून या काळात पिण्याच्या पाण्याची मर्यादा वेगळी असावी का, हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्यावं.

पहिल्या भेटीची तारीख या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट. २०२२ च्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत डिस्चार्जनंतर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याला पेशंट तपासून, रक्त पाहून, दोन आठवड्यांत गोळ्या पूर्ण डोसपर्यंत नेल्या. १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा ॲडमिट होणं १५.२ टक्के राहिलं. नेहमीच्या पद्धतीत ते २३.३ टक्के होतं. आपल्याकडच्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत दहा हजारांहून जास्त पेशंटपैकी १४.२ टक्के ९० दिवसांत दगावले. 'महिन्याभरानं दाखवा' असं कार्डावर लिहिलेलं असेल तर सातव्या दिवसाची भेट आपण मागून घ्यावी.

एवढं करूनही पॅकेज घ्यायचंच असेल, तर सहा-आठ आठवड्यांनी घ्यावं: वजन स्थिर, गोळ्यांचे डोस ठरलेले, ताप-खोकला नाही, बायोटिन किमान तीन दिवस बंद, इन्सुलिनचं इंजेक्शन चालू नाही. त्यातही नुसती उपाशीपोटी साखर आणि लिपिड प्रोफाइल वेगळं सांगून टीवायजी घरी काढला तर खर्च बराच कमी होतो. आकडा वाढलेला आला तर त्याचा उपयोग एवढाच: न कळलेला मधुमेह आहे का, फॅटी लिव्हर आहे का, रात्री घोरणं आणि श्वास थांबणं आहे का, हे शोधायला हवं असं डॉक्टरांना सुचवणं. पुढच्या वेळी त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला करावं.

गोंदिया, चंद्रपूर, भंडारा, छिंदवाड्याहून नागपुरात येऊन ॲडमिट झालेल्यांसाठी घरपोच सॅम्पलची ही सोय नाहीच, शहराबाहेर ते येत नाहीत. त्यांनी निघण्याआधी हॉस्पिटलच्या काउंटरवरून एक चिठ्ठी लिहून घ्यावी: सातव्या दिवशी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, गावाजवळच्या तालुक्याच्या लॅबमध्ये, सकाळी, सॅम्पल तिथेच सेंट्रिफ्यूज होत असेल अशा ठिकाणी. रिपोर्टचा फोटो, त्या दिवसाचं वजन, बीपी आणि नाडी एकत्र पाठवावी, आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्यांचा मागच्या बाजूनं काढलेला फोटोही सोबत जोडावा.